दोनशे अकरा ते दोनशे अठरा

सकाळी सहाला शटर अर्धंच वर असतं
तेव्हा ती वाकून आत यायची,
कॉल सेंटरचा पट्टा गळ्यात तसाच,
डोळ्यांत रात्रभराच्या परक्यांच्या तक्रारी.
कुया, याचे किती होतील?
आणि काउंटरवर ठेवायची
कुणाचं तरी, कुणाकडून तरी
दोन दिवसांच्या बोलीवर आणलेलं पुस्तक.

नव्याची किंमत तिच्या अर्ध्या पगाराएवढी.
क्लासची फी तर तिनं विचारलीच नाही,
काचेवरचा फलक लांबून वाचून पुढं गेली म्हणे.
मी म्हटलं, पाठपोट काढू, अक्षर बारीक करू,
एका कागदावर चार पानं बसतील.
ती म्हणाली, बसवा.
डोळे माझे फुकटचे आहेत.

मनिलातल्या या गल्लीत
एकवीस वर्षं मी हे यंत्र चालवतोय.
वकिली एका अक्षरानं शिकलो नाही,
पण सगळे कायदे माझ्या हाताखालून गेले,
हिरव्या उजेडात, पोटावर झोपून.
पहिलंच प्रकरण होतं लेखकाच्या हक्कांचं:
परवानगीवाचून प्रत काढू नये.
तिनं ते मोठ्यानं वाचलं,
मी टोनर हलवला,
आणि दोघंही बराच वेळ यंत्राकडं बघत राहिलो.

पावतीसाठी नाव विचारलं. पर्पेतुआ दिमाकुलांगान.
बातांगासकडचं आडनाव. अर्थ असा,
की ज्यात काही कमी पडत नाही.
ती पर्स उलटी करून नाणी मोजत होती
आणि सात पेसो कमी पडत होते.

दुसऱ्या दिवशी परत आली. पुस्तकात आठ पानं नाहीत.
दोनशे अकरा ते दोनशे अठरा, वारसाहक्क.
कुणीतरी ब्लेडनं सफाईनं कापून नेलेली.
वारसा असाच परस्पर जातो, ती म्हणाली.
मग रविवारी कॉलेजच्या वाचनालयात,
जिथं पुस्तक बाहेर न्यायची मनाई, फोटोची मनाई,
तिनं आठही पानं हातानं उतरवली
निळ्या पेनानं, आणि ते संपल्यावर हिरव्या.
मला आणून दिली: ही मधे घाला.
माझ्या प्रतीत, आणि पुढं जो मागेल त्याच्याही.

तेव्हापासून दर प्रतीत तिचं अक्षर जातं.
दोनशे चौदाच्या समासात लिहिलंय,
आईला फोन. गुरुवार. विसरू नको.
हे काही कायद्यात नाही, मी खोडणार होतो,
राहून गेलं.
एकदा सेबूकडचा एक पोरगा, जाड चष्मा,
प्रत घेऊन परत आला. मला वाटलं, पान फिकं आलं.
तो म्हणाला, नाही, शंभराचे सुटे द्या,
रिचार्ज मारायचाय.
त्या दिवशी गुरुवार होता.

निकाल लागला तेव्हा यादी मी दुकानातच छापली.
पोरं भिंतीवर बोट फिरवत होती.
मी डीपाशी तीनदा गेलो.
दिमाकुलांगान दोन होते. पर्पेतुआ नव्हती.
यंत्रात कागद अडकलाय असं सांगून
मी थोडा वेळ झाकण उघडून आत वाकलो.

परवा सकाळी शटर अर्धं,
आणि खालून तीच चप्पल.
गळ्यात पट्टा, केस कापलेले.
कुया, माझी प्रत भिजली. एक काढा.
मी काढली. पैसे नकोत म्हटलं,
तर तिनं आधी ते जुने सात पेसो मोजून ठेवले, मग नवे.
उभ्या उभ्या पानं चाळली, दोनशे सोळाशी थांबली,
स्वतःच्याच अक्षराकडं परक्यासारखं बघितलं.

हे चुकलंय, म्हणाली.
विधवेचा हिस्सा मी इथं चुकीचा उतरवलाय.
किती जणांना दिलंत?

मी आकडा कमी करून सांगितला.
तिनं माझ्या कानावरचं पेन काढून घेतलं.