घट

आमच्या हुपरीत सगळं ग्रॅमवर चालतं.
सकाळी पेढीवरून चांदी येते, मोजून.
संध्याकाळी पैंजण जातात, मोजून.
मधे जे हरवतं त्याला घट म्हणतात.
घट बाईच्या मजुरीतून कापतात.

तिसऱ्या महिन्यात माझी घट सुरू झाली.
काय गेलं ते सांगता येईना.
रात्री झोप नाही, सकाळी अंथरुणातून उठवत नाही,
कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहून जायच्या,
लोहाच्या गोळ्या देवळीत तशाच.
पोटातलं लाथ मारायचं
आणि मला वाटायचं,
शेजारच्या घराचं दार कुणीतरी वाजवतंय.

सासूबाई म्हणाल्या,
आम्ही कळा येईपर्यंत कड्या झाळल्या,
आम्हाला कुठलं मन होतं गं?
आणि बोलता बोलता थांबल्या.
हातात फुंकणी, पुढं निळी ज्योत,
कडी तेवढ्यात वितळून गेली.

सातव्यात ओटी भरली.
फुलांचे दागिने, हातात फुलांचाच धनुष्यबाण,
झाकलेल्या दोन वाट्या. पेढा की बर्फी?
मी एक उघडली. सगळ्याजणी ओरडल्या.
फोटोत मी हसतेय.
भूपालच्या मोबाईलवर अजून तोच फोटो आहे.
त्यात मी कुठाय, मला सापडत नाही.

पाच आठवडे आधीच, रात्री अडीचला,
पैंजणांची खोकी नेणाऱ्या व्हॅनमधून
कोल्हापूर, सीपीआर.
एक किलो सातशे चाळीस.
मला आकडे कळतात.
शंभर ग्रॅमचे सतरा जोड,
वर एक लहान मुलीचा.

काचेच्या पेटीत ती झोपेतच दचकायची,
दूध ओढता ओढता दमायची.
तिसऱ्या दिवशी एक किलो सहाशे पन्नास.
मी लिगाडे सिस्टरना विचारलं,
ही घट कुणाच्या मजुरीतून?
त्यांना कळलं नाही.
मग म्हणाल्या, पहिल्या आठवड्यात सगळ्याच बाळांचं उतरतं.
मग कळलं त्यांना.
स्टूल ओढून बसल्या,
आणि तुम्हाला कसं वाटतं, म्हणाल्या.
तुम्हाला. बाळाला नाही.
मी सगळं सांगितलं, दाराचंसुद्धा.

खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरबाईंनी
आजाराला त्याच्या नावानं हाक मारली.
नाळेतून काय काय गेलं तिच्यात, मी विचारलं.
खोटं बोलल्या नाहीत त्या.
ताण गेला असेल थोडा, म्हणाल्या,
म्हणून तर पोटुशीपणीच विचारायला हवं होतं आम्ही.
तुमचा आवाजही गेला की.

आता रोज ती माझ्या छातीवर, उघडी,
नुसती टोपी आणि लंगोट,
वरून सासूबाईंची विटकी शाल.
रात्रीची एक गोळी मी चुकवत नाही.
बरी झाले असं नाही म्हणणार,
काल दुपारभर भिंतीकडे तोंड करून होते.

चौदाव्या दिवशी एक किलो सातशे पंच्याण्णव.
सासूबाई बिनघुंगराचे वाळे घेऊन आल्या,
स्वतः केलेले, सांधा थोडा जाड.
वजनाला काढून ठेव हं, म्हणाल्या,
नाहीतर हिशेब चुकेल.
आणि तोंड फिरवून पदराची गाठ सोडत बसल्या,
गाठीत काहीच नव्हतं.

मघाशी डोळा लागला होता.
बरगडीवर टाच लागली, एवढीशी.
झोपेतच मी म्हणाले,
कोण आहे?