चावी

चौतीस वर्षं मी विट्यात पाणी सोडलं.
पहाटे साडेतीनला सायकल, खांद्यावर लोखंडी चावी,
रस्त्यातलं झाकण उचलायचं, चावी बसवायची,
अकरा आटे डावीकडे
आणि एक गल्ली जागी व्हायची.
पाऊण तासानं अकरा आटे उजवीकडे.
माझ्यामागं हंडे वाजायचे. शिव्याही.

निवृत्तीला नारळ दिला, शाल दिली,
चावी मी मागून घेतली.
साहेब म्हणाले, हिचं काय करणार?
मला तरी कुठं माहीत होतं.

परसात शेवग्याच्या पलीकडं खड्डा घेतला,
दोन खाटांएवढा.
कडेला वीतभर, मग गुडघाभर, मधे कंबरेइतका.
एक बाजू उतरती ठेवली,
खार पडलीच तर तिला चालत वर येता यावं.
सिमेंट नाही, प्लास्टिक नाही.
तळ्यातला काळा गाळ एक ट्रॉली,
भिजवून मी आणि हिनं सात दिवस पायांनी मळला.
ही म्हणाली, वरातीत एवढे नाचला असता तर.

नळाचं पाणी घातलं नाही.
लोकांना चौथ्या दिवशी येतं, ते मी खड्ड्यात ओतू?
शिवाय टीसीएल पावडर मीच टाकत आलोय,
तो वास बेडकाला सोसत नाही.
पत्र्याची पन्हळ इकडं वळवली.
हस्तानं तीन रात्रींत भरलं.

आधी आले डास.
मुजावर मास्तर भिंतीवरून म्हणाले, डेंगी पाळलाय का?
नगरपालिकेची पोरगी बाटलीत गप्पी मासे घेऊन आली.
मी म्हणालो, महिनाभर थांब.
काका, नियम आहे.
नियम मीपण राबवलेत, बाई.
मग ती दर कोरड्या दिवशी यायची,
बॅटरी मारून अळ्या मोजायची.
दुसऱ्या आठवड्यात निवळ्या पाण्यावर सरकू लागल्या,
कुठून आल्या, कुणी सांगितलं त्यांना.
चौथ्या आठवड्यात तिला मोजायला काही उरलं नाही.
गप्पी बाटलीतच परत गेले.

कुणीतरी जलपर्णी आणून दिली, जांभळं फूल छान येतं म्हणे.
मी तिला ओळखतो.
एकदा नदीवर जॅकवेलच्या तोंडात बसली होती,
दोन दिवस आख्खं गाव कोरडं.
उन्हात वाळवली, चुलीत घातली.

लव्हाळा न बोलावता आला, माकाही.
भाळवणीकडून थोडी कुमुदिनी आणली, मुळाला चिखलासकट.
आणि एक दिवस दारात सगुणा ऐवळे,
टोकाच्या गल्लीतली.
तिथं पाणी पोचायचं ते खोकत पोचायचं.
दुष्काळाच्या साली तिनं रिकामी घागर फेकून मारलेली,
माझ्या कपाळावर अजून खूण आहे.
तिच्या हातात ओलं पोतं. वेखंड.
म्हणाली, माहेरचं आहे, शिराळ्याच्या ओढ्यातलं.
माझ्याकडं जगत नाही.
तुझ्याकडं काय, पाणी असतंयच.

लुगडं खोचून तिनंच लावलं, वीतभर पाण्यात.
मी दगड देत राहिलो.

चैत्रात पाणी उतरायला लागलं.
चावी मधोमध रोवून ठेवली होती,
तिच्यावर खडूनं रेघा मारायचो: आज बोटभर, आज दोन बोटं.
काठचा गाळ तडकला.
साडेतीनला अजून जाग येते,
लांबच्या गल्लीत हंडे वाजतात,
आपल्याही नळाला सूं सूं होतं.
पाइप हातात घेऊन उभा राहायचो
आणि तसाच गुंडाळून ठेवायचो.
चावीच्या आडव्या दांडीवर एक निळी टाचणी बसलेली असायची,
उठायची, तिथंच बसायची.

वैशाखात सगुणा परत आली, डोक्यावर घागर.
तिनं ती उतरवली तसं
माझं कपाळ आपोआप मागं गेलं.
ती बघून हसली.
उतरत्या बाजूनं, वेखंडाच्या मुळाशी,
गाळ उठणार नाही इतक्या हळू ओतत म्हणाली,
दोन दिवस उघडी ठेवली होती, वास गेलाय.
आणि पदरानं घागरीचा काठ पुसत,
आता दाबानं येतं आमच्याकडं.
नवा पोरगा तुझ्यापेक्षा बरा आहे.