कोरी प्रत

बेचाळीस.
पंचेचाळीस हवे होते.
धोबी तलावच्या कोर्टाबाहेर, फुटपाथवर,
एकवीस वर्षं मी दुसऱ्यांची वकीलपत्रं टाइप केली.
कुणी तीन रुपये कमी दिले
तर सोडून द्यायचे.

कोट शिवून घेतला होता ठाकूरद्वारला.
मास्तर म्हणाला, खांद्यात थोडं मार्जिन ठेवतो मॅडम,
वकील लोक पुढे रुंद होत जातात.
तो आता कपाटात, डांबराच्या गोळ्यांसोबत,
सनदेइतकाच तात्पुरता.
दोन वर्षांची मुदत. त्यातले चौदा महिने गेले.

मुलगी म्हणाली, आई, पुस्तक उघडून लिहायची परीक्षा ना?
हो. पुस्तक उघडून.
तेच तर सांगता येत नाही कुणाला.

उत्तरसूची आली तेव्हा शोधून काढले ते तीन मार्क.
पहिला कंपनी कायद्याचा, तो माझा नव्हताच कधी.
दुसरा, घाईत दोन गोल काळे केले म्हणून.
आणि तिसरा: पोटगीचं कलम कोणतं?

एकशे पंचवीस. हे मला विचारता?
वांद्र्याच्या फॅमिली कोर्टासाठी
माझा स्वतःचा अर्ज मीच टाइप केला होता,
चार प्रती, मध्ये कार्बन,
'अर्जदार ही स्वतःचे पोषण करण्यास असमर्थ आहे'
हे वाक्य न अडखळता,
मिनिटाला पंचेचाळीस शब्दांच्या वेगाने.
पुस्तक शेजारीच होतं.
उघडावंसं वाटलं नाही.

मधल्या काळात कायदा बदलला.
मला ठाऊक होतं, बोटांना नव्हतं.
खून तीनशे दोनमधून एकशे तीनला राहायला गेला,
चारशे वीसचं झालं तीनशे अठरा,
शिवी मात्र जुन्याच पत्त्यावर.
आणि एकशे चव्वेचाळीस,
जे लागलं की आम्ही टेबलं उचलून पळायचो,
चार माणसं एकत्र दिसायला नकोत म्हणून,
ते आता पोटगी देतं.

आदल्या रात्री खोडरबर घेऊन बसले.
आत फक्त कोरी प्रत नेता येते,
समासात एक टिंबही चालत नाही.
वर्षभराचं माझं अक्षर:
'केणी साहेब म्हणतात, नक्की येणार'
'हेमा, इथे चुकतेस'
एका पानावर दुधाचा हिशेब.
दोन वाजले तेव्हा चटईभर रबराचा चुरा.
झाडूने गोळा केला,
आणि टाकताना उगाच थांबले.

माझगावची शाळा. सहावीच्या मुलांचे बाक,
गुडघे मावेनात.
शेजारी इरफान खोत, सव्वीस वर्षांचा.
आंटी, कितवी वेळ?
दुसरी.
माझी तिसरी, म्हणाला, मोठ्या भावाच्या थाटात,
आणि त्याचं जादा पेन माझ्या बाकावर ठेवलं.

या वेळी प्रत्येक प्रश्नाला पुस्तक उघडलं.
जे येत होतं, त्याला आधी.

निकाल लागायचाय.

सोमवारी एक बाई आली.
हातात रेशनकार्डाची झेरॉक्स,
नवऱ्याचा पगार तोंडपाठ, भत्त्यासकट.
नाव घातलं, वय घातलं, चाळीचं नाव दोनदा विचारलं.
मग कलम.
बोटं आपली आपणच गेली:
एक, दोन, पाच.

बॅकस्पेस.
बॅकस्पेस.
एक राहू दिला.
चार.
चार.