हातचे चार

फोरट्रानमध्ये मोजणी एकापासून सुरू होते,
रस्टमध्ये शून्यापासून.
पहिले तीन आठवडे मी नुसती
एकेक पायरी खाली उतरत होते.

ब्रेस्टमधला नोव्हेंबर. साडेपाचलाच अंधार.
खिडकीखाली गोदी, क्रेनचे दिवे,
आणि पडद्यावर एकोणीस हजार ओळी,
भरती-ओहोटीचं गणित,
गुल्वेन केर्मारेक नावाच्या माणसानं लिहिलेलं
मी जन्मायच्या नऊ वर्षं आधी.

तेव्हा नावाला सहाच अक्षरं मिळत.
बहात्तराव्या रकान्यापुढे काही लिहिलं
तर यंत्राला ते दिसत नसे.
तिथे, यंत्राच्या नजरेआड, त्यानं अधूनमधून
वाणसामान लिहून ठेवलंय:
लोणी. बॅटरी. सोइझिकचा चश्मा.

आणि आय ते एन यांपैकी अक्षरानं सुरू होणारं नाव
न विचारता पूर्णांक धरलं जाई.
फ्रेंचमध्ये भरतीचं नाव एमनं सुरू होतं.
सरळ लिहिलं असतं तर समुद्र
मीटरामीटरानं चढला असता, जिन्यासारखा,
मधलं पाणी मुकाट गळून गेलं असतं.
म्हणून त्यानं नावाआधी एक्स लावला.
त्या एका फुलीच्या भरवशावर
पाणी अपूर्णांकात राहिलं.

मी भाषांतर करते, असं आई शेजारणीला सांगते.
मी हो म्हणते.
आता बेरजेचा क्रम जरा बदलला
की तेरावा दशांश हलतो,
हे जिन्यात उभं राहून कसं सांगायचं?

दोनशे चौदा बंदरं. दोनशे तेरा जुळली.
पोर्झ-केर्विनी जुळेना.
नऊ घरं, एक धक्का, कालवांच्या जाळ्या.
तिथे माझं पाणी त्याच्या पाण्याखाली चार सेंटीमीटर.
उधाणाला चार, भांगाला चार.

दोन दिवसांनी सापडलं.
एका गोटूमागे पायवाट होती,
मी मेलेली समजून गाळलेली.
त्या वाटेवर एकच बंदर, एकच नाव: पिके. म्हणजे खुंटा.
किंमत शून्य पूर्णांक शून्य चार.
शेजारी शेरा: तात्पुरतं.

ल कोंकेला गेले. केर्मारेक आता त्र्याऐंशीचा,
बटाटे सोलत होता.
"बोटीनं धडक दिली," म्हणाला, "मोजपट्टीचा खुंटा खचला
चार सेंटीमीटर. म्हटलं, हातचे धरून ठेवू,
शुक्रवारपर्यंत दुरुस्त करतील."
साल काढून मला सुरीच्या टोकानं विचारलं,
"केला का?"

खुंटा केव्हाच काढलाय. जागी रडार आहे.
हातचे चार तेवढे
दरवर्षीच्या छापील तक्त्यात मिळवले जातात.

मग मी कालवंवाल्या अनाईगला फोन केला.
ती म्हणाली, तक्ता बरोबरच असतो,
फक्त आम्ही त्याच्या जरा आधी उतरतो.
आई तसंच करायची.
किती आधी?
ते पायाला कळतं.

म्हणजे इकडे चार मिळवलेले,
तिकडे तेवढेच वजा, बुटांत, दोन पिढ्या,
आणि उत्तर बरोबर.
मी माझ्या बाजूचे चार पुसले
तर तिच्या बाजूचे कोण पुसणार?

नवीन भाषेत नाव हवं तेवढं लांब चालतं.
मी लिहिलं: केर्मारेकचा खुंटा, शुक्रवारपर्यंत.
टेस्ट चालवली. दोनशे चौदा, सगळी हिरवी.
सहकारी रोनान म्हणाला, चूक माहीत असून ठेवलीस?
म्हटलं, अनाईगला पत्र लिहितेय.
तिचं उत्तर येईपर्यंत हे तात्पुरतं.

म्हटल्यावर ऐकू आलं, काय म्हणाले ते.

एकोणीस हजार ओळींतलं वाणसामान मात्र
नव्या फाइलीत कुठे ठेवायचं, सुचेना.
इथे यंत्राला दिसत नाही
असा रकानाच नाही.