शुक्रवारी हवा

मेदेबेरच्या भंगारबाजाराकडून येणाऱ्या उतारावर
जिथे हात आपोआप ब्रेककडे जातो
तिथे ओक्बाझ्गींचं दुकान.
पाटी नाही. दारावर एक वाकडं चाक टांगलंय,
त्याचा आऊट काढायचा नाही असा नियम.
"ते सरळ केलं तर लोकांना कळणार कसं
मी काय करतो ते?"

मला इथे दोन वर्षं झाली.
आधी नुसते छर्रे मोजायची,
रॉकेलमध्ये धुतलेले, कान तुटलेल्या बशीत.
मग आरे. मग डोळे मिटून आरे:
पान्याने टिचकी मारायची
आणि ढिला कुठला ते सांगायचं.
चुकलं की पहिल्यापासून.

भागांची नावं इटालियन.
साहेब गेले, त्यांचा फ्रेनो राहिला, गोमा राहिली,
काम्पानेलो तर अजून प्रत्येक वळणावर वाजतो.
ओक्बाझ्गींचे वडील त्या साहेबांच्या सायकली पुसायचे
अकरा वर्षं,
एकदाही वर न बसता.
हे ते सांगत नाहीत. त्यांची बायको सांगते,
डबा द्यायला आली की.

छताला एकोणीस सायकली.
प्रत्येकीला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी:
"मागचा ब्रेक. संध्याकाळी नेतो."
"चेन घसरते. रविवारच्या आत हवी."
"पैसे आईकडे."
यातला एकही रविवार आला नाही.
कोण सुदानमार्गे गेला, कोण कुठल्या मार्गे,
कोण पोचला की नाही, ते इथे विचारत नाहीत.
काम मात्र सगळ्यांचं झालेलं आहे.

शुक्रवारी जेवणाआधी आम्ही त्या खाली काढतो
आणि हवा भरतो.
टायर चपटा पडून राहिला की रबराला चिरा पडतात,
माणसासारखंच,
असलं काही ते म्हणत नाहीत.
ते म्हणतात, पंप आण.

गेल्या महिन्यात त्सिगेवेनीबाई आल्या.
किब्रेआबची आई. निळी सायकल, खिडकीजवळची.
मला वाटलं, विकायला.
"काढा खाली," त्या म्हणाल्या,
"आणि सीट माझ्या मापाची करा.
पेट्रोल नाही, बस नाही, गुडघे आहेत अजून."
तो तिकडे कासेल नावाच्या गावात
पाठीवर खोका बांधून घरोघर जेवण पोचवतो,
विजेच्या सायकलवर.
"चढ आपोआप चढते म्हणे!"
हे त्यांनी असं सांगितलं
जसं मुलाला काही लागलंय.

सीटच्या दांड्यावर एक चरा होता,
किब्रेआबने सुरीने मारलेला. त्याच्या तंगड्यांचं माप.
मी बोल्ट सैल केला.
चरा नळीत गेला.
बाईंनी पाहिलं. मीही.
ओक्बाझ्गींनी समोरून तीन माकियातो मागवले,
त्यांतला एक स्वतःच्या पैशाने,
हेही लिहून ठेवण्यासारखंच.

नेत्सेलाचा पदर कमरेला खोचून त्या बसल्या.
पडल्या. पोरं हसली, त्याही.
मी मागून धरून धावले थेट ताडांच्या रस्त्यापर्यंत.
इथली हवा विरळ, दोन हजार मीटरच्या वरची,
मला दम लागला. त्यांना नाही.
कधी सोडलं, मलाही कळलं नाही.

रविवारी क्लबची पोरं नेफासितला उतरतात,
धुक्यात, वळणावळणाने, माकडांना शिव्या देत.
उतरताना कुणीही चिक्लिस्ता असतो.
परत वर येईल तो खरा,
असं ओक्बाझ्गी म्हणायचे पूर्वी.
हल्ली म्हणत नाहीत.

आता छताला अठरा.
एकोणिसावी शुक्रवारी रांगेत उभी असते,
कांद्यांची पिशवी हँडलला, बाई घाईत:
"हवा हवी."
मी पंप लावते.
माझं लष्कराचं बोलावणं ऑगस्टमध्ये येईल.
खिडकीजवळचा हूक रिकामा आहे,
आणि ओक्बाझ्गींनी काल, काही न बोलता,
त्याला पाटी ठोकली पाण्याच्या डब्यासाठी.
डबा जड आहे. भरलेला.
दुसरं काही तिथे लटकवता येणार नाही.