सतरा अंश

मे महिन्यात चोपड्यात एकच जागा थंड असते,
धरणगाव रस्त्यावरचं केळी पिकवायचं गोडाऊन.
बाहेर पंचेचाळीस. दारावरच्या लाल आकड्यांत सतरा.
म्हणून माझी मुलाखत तिथे.
खरी नव्हे, तिची तालीम.
दोन नंबरची खोली अर्धी रिकामी असते त्या वेळात,
गॅस सोडायच्या आधी.

सुभान तडवी साहेब होतो.
रात्रपाळीचा वॉचमन, माझ्याच वर्गातला बी.एस्सी.,
तीन मुलाखतींत नापास,
म्हणजे प्रश्नांचा एवढा जाणकार तालुक्यात दुसरा नाही.
दोन कॅरेट उपडी टाकून टेबल.
पलीकडे तो, अलीकडे मी,
मांडीवर चेनची फाइल,
तीत दहावीपासूनचं आयुष्य, लॅमिनेशन केलेलं.

"स्वतःबद्दल सांगा."
मी यामिनी सुकलाल बाविस्कर.
"हसू नका."
तो नजरेला नजर द्यायला सांगतो
आणि मला आठवतं, बारावीच्या प्रॅक्टिकलला याच माणसाच्या
बरणीतून झुरळं सुटली होती
आणि सर बाकावर चढले होते.
"पुन्हा."
मी यामिनी. वनस्पतिशास्त्रात माझी पदवी शे...

घसरलीच जीभ.
घरी जो शब्द चुलीमागच्या मांजरीसारखा पडून असतो
तो साहेब दिसला की नेमका उठून अंग झाडतो.
"आहे म्हण," सुभान सांगतो. "आहे. आहे."
तीनदा नापास झालेला माणूस
किती हळू शिकवतो.

आई कोपऱ्यात फण्या निवडतेय.
तिची पाळी कधीच संपली, पण बाहेर झळ आहे
आणि तिला लेकीची गंमत पाहायचीय.

"पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता?"
याचं उत्तर मी इंग्रजीत पाठ केलंय.
तिसऱ्या शब्दाला अडते.
मागून आईच बोलते,
"पाच साल? केयीले पाच साल कोठे ऱ्हातस?
पहिला बाग, मंग खोडवा, मंग वावर मोकयं."

सुभानने वही मिटली. तिच्याकडे वळला.
"बाई, तुमची जमेची बाजू?"
आईला कळलं नाही.
"तुमले काय येस, मावशी?"

ती उठली नाही. हात पुसले नाहीत.
"हाई परवादिन पिकी. हाई शनवारले.
ती कोपरामाधली नही पिकाव,
तिले थंडी लागेल शे."

लाल आकड्यांकडे तिने एकदाही पाहिलं नाही.
मी पाहिलं. सतराच होते.
कोपऱ्यातल्या फणीचं साल सोलून सुभानने आतली तपकिरी रेघ पाहिली,
आणि खरा साहेब करेल तसं
उगाच काहीतरी लिहून घेतलं.

"पगार कितला?" आईने विचारलं.
"पहिल्या फेरीत नसतं विचारायचं, मावशी."
"मंग कवय?"

गुरुवारी सहाची जळगाव गाडी.
चुलतबहिणीच्या चपला, अर्धा नंबर मोठ्या.
त्या इमारतीत एसी चोवीसवर होता, मला उकडत होतं.
तिघे बसलेले. टेबलावर काचेच्या बाटलीत
बोटाएवढं केळीचं रोप,
माती न पाहिलेलं.
मधल्या बाईंनी पाणी दिलं आणि तोच प्रश्न विचारला.
मी नाव सांगितलं, पदवी सांगितली,
'आहे' इतक्या वेळा म्हटलं
की एकदा जिथे नको होतं तिथेही म्हटलं.
पाच वर्षांचं कुणी विचारलंच नाही.
आईचं उत्तर तसंच परत आणलं,
पिशवीत, न उघडलेल्या डब्याशेजारी.

संध्याकाळी गोडाऊनवर गेले.
"पगार ईचारा का?"
मी मान हलवली. नाही.
आईने माझ्याकडे पाहिलं,
फणीकडे पाहते तसं,
वरून खाली, घाई न करता.
वार सांगितला नाही.

"बाहेर या दोघी," सुभान म्हणाला.
"दार लावतो. गॅस सोडायचाय."