चार पट्ट्या कोऱ्या

गणपती पेठेत, हळदीच्या वखारीला लागून
माझं सहा बाय आठचं दुकान.
नेमप्लेट, रेडियम, रबरी शिक्के.
पितळी अक्षरांचा कप्प्याकप्प्यांचा खोका,
काना-मात्रा वेगळ्या डबीत.
कुठलं अक्षर संपत आलंय
यावरून मला कळतं
सांगलीत कुठं काय बांधतायत.

विश्रामबागेच्या पुढं नवा टॉवर उठला
की ‘क’ आणि ‘र’ पुरत नाहीत.
(‘पाटील’ सोडा. पाटील सगळ्यांत असतात.)
‘ख’ आणि ‘ढ’
नुसते चकाकत पडून राहतात.

महापुरात आम्ही एकाच शाळेत होतो,
पाचवी ब, बाकं भिंतीला लावलेली.
हे टॉवरवालेही होते.
खिचडी एकाच पातेल्यातली,
लोणचं त्यांच्यातल्या एका काकूंचं.
पाणी उतरलं, आणि ज्याला जमलं तो चढाला गेला.
आम्ही भिंती खरवडल्या.
नसीम अजून पिठाचा डबा माळ्यावर ठेवते.

मीही गेलो होतो चौकशीला.
‘पूररेषेच्या बाहेर’ असा मोठा बोर्ड.
चहा दिला. सॅम्पल फ्लॅट दाखवला.
नळ उघडून दाखवला, पाणी गरम.
“नाव काय म्हणालात?”
शिकलगार.
त्यानं पेनाला टोपण लावलं.
“सगळं बुक झालंय हो.”

सव्वा महिन्यानं त्याच बिल्डिंगच्या पाटीची ऑर्डर.
फोनवर मी फक्त नेमप्लेटवाला.
अठ्ठावीस घरं, चोवीस नावं.
“चार पट्ट्या कोऱ्या ठेवा,
गिऱ्हाईक बघतोय.”

कुपवाडकडं, एमआयडीसीच्या मागं
कुणीतरी घाईत एक वसाहत उभी केलीय.
लिफ्ट नाही, जिन्याला कठडा अर्धाच.
बँकेनं ज्याला कर्ज दिलं तो शेजारी.
तिथल्या पाटीला माझा खोका पुरला नाही:
कांबळे, बिरनाळे, खतीब, वडर,
ढोबळे, दोन खोत, मग परत पाटील.
‘ढ’ला चमक राहिली नव्हती, चिंचेनं घासला.
पार्किंगवरून रोज भांडणं होतात,
वॉचमन सांगत होता.
मी ऐकून घेतलं,
आणि बुकिंग चालू आहे का ते विचारलं.
तो म्हणाला, कधीच संपलं.
इथं ते खरंही असेल.

विश्रामबागेतली पाटी काल लावून आलो.
कोऱ्या पट्टीलाही
स्क्रू मारावे लागतात, दोन-दोन.
आठ झाले.
बिलात धरलेत.